स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही

जुन्या पेन्शनचा पर्याय कार्यालयाने नाकारल्याबद्दलच्या तुमच्या पत्रात चार स्मरणपत्रांच्या तारखा आहेत, पण कार्यालयाने नकार कळवला त्या पत्राची तारीख नाही. फक्त 'गेल्या दिवाळीच्या आधी' एवढंच. माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात आणि बहुतेकांत हीच तारीख गाळलेली असते. तुमच्या प्रकरणाचा निकाल मात्र तिच्यावरच ठरणार आहे.

हकिगत थोडक्यात अशी. भरतीची जाहिरात मे 2005 ची, तुम्ही रुजू झालात मार्च 2006 मध्ये. त्यामुळे तुम्ही एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) गेलात. वित्त विभागाच्या 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने तुमच्यासारख्यांना, म्हणजे जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची पण नियुक्ती नंतरची असलेल्यांना, जुन्या पेन्शनचा पर्याय एकदाच दिला. मुदत सहा महिन्यांची होती, म्हणजे ऑगस्ट 2024 च्या सुरुवातीला ती संपली. तुम्ही म्हणता की पर्यायाचा नमुना (फॉर्म) जुलैमध्ये भरून आस्थापनेच्या लिपिकाच्या हातात दिला. पोच घेतली नाही. आता कार्यालय म्हणतं, मुदतीत पर्याय मिळालाच नाही.

जाहिरातीच्या तारखेबद्दल मी लिहीत नाही, तिथे तुमची बाजू पक्की दिसते.

तुम्हाला कोणीतरी सांगितलंय की पेन्शन हा सातत्याचा हक्क आहे, त्याला मुदतीचा कायदा लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. तरसेम सिंग प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्याला पेन्शनचा हक्क नाकारला नाही, थकबाकी मात्र याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. पण तिथे पर्याय देण्याचा प्रश्नच नव्हता. तुमचा वाद पर्याय दिला की नाही यावर आहे. अशा वादात सरकारी वकील एम. के. सरकार प्रकरण पुढे करतील. त्यात निवृत्तीनंतर बावीस वर्षांनी पेन्शनचा पर्याय मागणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याची मागणी न्यायालयाने फेटाळली, आणि जुन्या मागणीवर नव्याने निवेदन दिल्याने मुदत पुन्हा सुरू होत नाही, हेही स्पष्ट केलं.

तुमची अडचण इथेच आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, 1985 च्या कलम 21 प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षात मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) मूळ अर्ज दाखल व्हायला हवा. नकाराचं पत्र हाच तो आदेश धरला जाण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या निवेदनाला उत्तर नाही म्हणून सहा महिने जास्त धरून मांडणी करता येते, पण त्यावर विसंबू नका. एस. एस. राठोड प्रकरणापासून (1989) वारंवारच्या निवेदनांना मुदतीसाठी किंमत नाही. पाचवं स्मरणपत्र लिहू नका. 'साहेब म्हणाले, बघतो' याचाही न्यायाधिकरणात काही उपयोग नाही. वर्ष उलटलंच असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल. तो मंजूर होतो की नाही, हे कारणावर ठरतं, आणि 'कार्यालयात खेटे घालत होतो' हे कारण कमकुवत आहे.

दुसरं काम पुराव्याचं. जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात दोन गोष्टींच्या प्रमाणित प्रती मागा: जुलै व ऑगस्ट 2024 च्या आवक नोंदवहीची पानं, आणि तुमच्या कार्यालयाने नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे पर्याय नमुने पाठवले त्या पत्राची जावक प्रत, सोबतच्या यादीसह. सगळ्यांचे नमुने सहसा एकाच पत्रासोबत जातात आणि खाली नावांची यादी असते. त्या यादीत तुमचं नाव सापडलं, तर 'मिळालाच नाही' हे म्हणणं टिकणं अवघड आहे. नाव नसेल, तर त्याच दिवशी नमुना दिलेल्या सहकाऱ्यांची शपथपत्रं घ्या. ती किती वजनाची ठरतील, हे खंडपीठावर आहे. उत्तराला तीस दिवस लागतात. मुदत जवळ आली असेल तर उत्तराची वाट न पाहता अर्ज दाखल करा, कागद नंतर जोडता येतात.

नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी, आयुष्यभराच्या पेन्शनचा कागद पोच न घेता देणं मला पटत नाही. साध्या रजेच्या अर्जावर आपण सही-शिक्का मागतो. त्याहून जास्त राग मला त्या आस्थापना शाखेचा येतो, जिने कागद घेतला आणि आवक क्रमांक दिला नाही. मूळ अर्जात ही बाब स्पष्ट शब्दांत आली पाहिजे.

मॅटमध्ये तारखा लांबतात. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, त्यामुळे लवकर सुनावणीची विनंती सुरुवातीलाच करायला वकिलांना सांगा. तुम्ही साताऱ्यात राज्य शासनाच्या नोकरीत आहात, म्हणजे मुंबईचं खंडपीठ. (हेच पत्र जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याने लिहिलं असतं, तर मॅट नव्हे, उच्च न्यायालय.)

आणखी एक. प्रकरण प्रलंबित असताना निवृत्ती आली, तर प्रान खात्यातून (तुमच्या एनपीएस खात्यातून) रक्कम काढण्याचा अर्ज वकिलांना विचारल्याशिवाय भरू नका. जुनी पेन्शन मिळाली तर त्या खात्यातला तुमचा हिस्सा व्याजासह भविष्य निर्वाह निधीत आणि शासनाचा हिस्सा राज्याच्या एकत्रित निधीत वळवायचा असतो. पैसे आधीच काढले, तर परतफेडीचा नवा वाद उभा राहतो. मधल्या काळात सुधारित एनपीएसच्या कुठल्या पर्याय नमुन्यावर सही केली असेल, तर तेही वकिलांपासून लपवू नका.

नकाराचं ते पत्र आज कपाटातून काढा, त्यावरची तारीख बघा आणि ते मिळाल्याचा दिवस लिहून ठेवा. टपालाचं पाकीट असेल तर तेही जपा.