डभोईची बैलगाडी की आगगाडी?

प्रश्न : डभोईची आगगाडी आरंभी बैल ओढत असत, असे आमचे आजोबा सांगत. हे खरे का? — एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला, तेव्हा डबे बैलच ओढत. लोखंडी रुळांवर चाकांना घर्षण फार कमी होत असल्यामुळे, कच्च्या रस्त्यावर जे ओझे बैलांना रेटणार नाही, ते येथे सहज सरकत असे. इंजिनांची अडचण निराळी होती. त्यांच्या चाकांचा भार ते हलके रूळ पेलू शकत नसत. १८७३ साली अधिक भक्कम रूळ टाकले, तरी ती नियमित धावू लागली १८८० सालीच, आणि बैल (बहुधा आनंदाने) शेतात परतले.