वाचकांचे प्रश्न : दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन

प्रश्न (वेंगुर्ला) : आईला रात्री १६ युनिट ग्लार्जिन इन्सुलिन आहे. उपाशीपोटीची साखर ११०-१२० यायची, आता १८०-२०० येते. जेवणात काही बदल नाही. डोस वाढवावा का?

डोसाला हात लावण्याआधी आईंच्या पोटावरून बोटे फिरवून पाहा. बेंबीच्या आजूबाजूला रबरासारखी गादी लागते का? रोज त्याच जागी सुई गेली की त्वचेखालची चरबी अशी फुगते. तिथे टोचलेले फारसे दुखत नाही, म्हणून माणसे नेमकी तीच जागा धरतात. पण या गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी कमी उतरते, कधी उशिरा.

गाठ सापडली तर ती जागा सोडायची, मात्र घाईने नाही. चांगल्या त्वचेत तेच १६ युनिट पूर्ण लागू पडतात आणि साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घ्या, सुरुवातीला डोस कमी करावा लागेल का ते. पहिला आठवडा पहाटे तीनलाही साखर तपासा. पुढे पोटाचे चार भाग कल्पून आठवड्याला एक भाग घ्यायचा, दोन टोचण्यांत बोटभर अंतर आणि बेंबीपासून दोन बोटे दूर.

गाठ नसेल तर पेन वापरण्याची पद्धत तपासा. सुई दर वेळी नवी हवी. पेनला लावून ठेवलेल्या सुईतून हवा आत शिरते, औषध गळते आणि डोस कमी पडतो. आधी २ युनिट हवेत सोडायचे, टोकाला थेंब दिसला की मग १६ लावायचे. बटण पूर्ण दाबल्यावर सुई तशीच ठेवून दहापर्यंत मोजावे. हवेत सोडलेले २ युनिट धरून ३०० युनिटांचे पेन आईंना सोळा दिवस पुरेल. तसेच धरून ८ युनिट घेणाऱ्याला ते ३० दिवस जाते, पण ग्लार्जिनचे हे पेन उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यायचे असते.

हे सगळे नीट असूनही आकडा उतरत नसेल, तर डोसाचा विचार डॉक्टर करतील.

प्रश्न (हर्णै) : नवरा पाच-सहा दिवस ट्रॉलरवर असतो. पेन मासळीच्या बर्फात ठेवले तर चालेल?

नाही. बर्फात खारे पाणी मिसळले की तापमान शून्याखाली जाते आणि इन्सुलिन गोठू शकते. गोठून वितळलेले औषध स्वच्छ दिसले तरी निकामी समजावे. चालू पेनला ३० अंशांखालची जागा पुरते, पण मे महिन्यात इंजिनाजवळच्या केबिनमध्ये ती मिळत नाही. मातीच्या मडक्याचा उपाय देशावर छान चालतो. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून मडके तितके गार होत नाही. त्यापेक्षा रुंद तोंडाच्या थर्मासात गार पाणी घ्या, बर्फाचे तुकडे काढून टाका आणि पेन घट्ट बंद पिशवीत घालून त्यात ठेवा. पाणी रोज बदला.

जाळे ओढण्याच्या कष्टाने साखर उतरते, आणि हे इन्सुलिन दिवसभर काम करत असल्याने ती सावरल्यावर पुन्हा उतरू शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, किंवा तपासल्यावर ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर सावरली की भाकरी किंवा पेज. हे तांडेलाला आणि सोबतच्या खलाशांना ठाऊक असलेच पाहिजे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, वायरलेसवरून मदत मागावी. विसरलेल्या डोसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचे नाही.

प्रश्न (राजापूर) : ग्लार्जिनच्या बाटलीसाठी नेहमी केशरी टोपीची सिरिंज मिळते, यावेळी लाल टोपीची दिली.

ती परत करा. लाल टोपीची सिरिंज १ मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते, तुमच्या बाटलीत १ मिलीत १०० आहेत. लाल सिरिंज १० च्या रेघेपर्यंत भरली तर अंगात २५ युनिट जातील. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्यावा. आणि दुसरे कुठलेही इन्सुलिन त्याच सिरिंजमध्ये ग्लार्जिनबरोबर भरू नये.