पुण्यातल्या आयसीयूच्या अनुभवावर अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्टच्या (म्हणजे भूल देणाऱ्या नर्सच्या) डॉक्टरेटला प्रवेश मिळतो का? नोकरी सांभाळून ती करता येते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चार वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहात, वय २९, एनक्लेक्स (अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठीची परीक्षा) पास झालात, आणि आता थेट या डॉक्टरेटसाठी अर्ज करायचा विचार आहे. मी मूळची मिरजेची. बीएस्सी नर्सिंगनंतर पाच वर्षं पुण्यातच कार्डिॲक आयसीयूत काढली, लग्नानंतर ओहायोत आले, आणि गेल्या वर्षी हेच शिक्षण पूर्ण केलं. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण त्यामुळे लगेच खचून जाऊ नका, पुढचं वाचा.

या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जी परिषद आहे, तिच्या नियमात किमान एक वर्ष पूर्णवेळ अतिदक्षता विभागातलं काम मागितलंय, आणि ते काम अमेरिकेत, अमेरिकेच्या ताब्यातल्या प्रदेशांत किंवा परदेशातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात झालेलं असलं पाहिजे. त्यामुळे पुण्यातली तुमची चार वर्षं आणि माझी पाच वर्षं अर्जाच्या त्या रकान्यात शून्य धरली जातात. हे मला इथे आल्यावर कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. रात्री दोन वाजता एकटीने तीन व्हेंटिलेटर सांभाळलेल्या बाईला ‘तुमचा अनुभव नाही’ असं सांगणं फार लागतं. तरी ती वर्षं वाया जात नाहीत. इथल्या कार्डिॲक आयसीयूत पहिल्याच महिन्यात माझ्या हातात पेशंट दिले गेले, ते त्या पुण्यातल्या रात्रींमुळेच.

म्हणून क्रम असा पडतो: आधी इथे नर्स म्हणून नोकरी, मग अर्ज. इथे येण्याची वाट हाच तुमच्यासाठी सगळ्यात मोठा अडथळा आहे, डॉक्टरेट नव्हे. नर्सना बहुधा ईबी-३ या नोकरीवर आधारलेल्या गटातून ग्रीनकार्डवर यावं लागतं, आणि भारतात जन्मलेल्यांची त्या गटातली रांग दहा वर्षांहून लांब आहे. मी नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे, त्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आले. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, त्यात माझी सोय झाली. एजंट जेव्हा ‘दीड वर्षात अमेरिका’ म्हणतो, तेव्हा कोणत्या व्हिसावर, एवढं एकच त्याला विचारा.

नियमात एक वर्ष लिहिलं असलं तरी जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, त्यामुळे एका वर्षावर प्रवेश मिळणं अवघड असतं. मी तीन वर्षांनी अर्ज केला. मधल्या काळात अतिदक्षतेची सीसीआरएन परीक्षा दिली आणि रसायनशास्त्राचा एक कोर्स पुन्हा केला, कारण माझे ते मार्क जुने होते. नोकरी निवडताना गावाकडे बघू नका, विभागाकडे बघा. ज्या आयसीयूत पेशंटला एकाच वेळी तीन-चार ड्रिप चालू असतात, बीपी वाढवणारं नॉरएपिनेफ्रिन किती वाढवायचं याचा अंदाज नर्सला आपल्या डोळ्यांनी घ्यावा लागतो, छाती उघडून आलेला माणूस पहिल्या तासात तुमच्या ताब्यात येतो, असा विभाग मिळवा. मुलाखतीत मला नर्सिंगच्या सेवाभावाबद्दल एक प्रश्न आला. बाकी सगळी मुलाखत एका पेशंटवर होती: बीपी पडतंय, हृदयाची गती वाढतेय, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) कमी आहे, काय देशील, आणि ते का देशील? औषधाचं नाव सांगून भागत नाही, ते रिसेप्टरवर काय करतं तिथपर्यंत नेतात.

आता नोकरीचं. १ जानेवारी २०२२ पासून या क्षेत्रात नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते. ती किमान ३६ महिन्यांची, पूर्णवेळ असते. क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवरच्या कामाचे, किमान २००० तास आणि किमान ६०० केसेस व्हाव्याच लागतात. आमच्या तुकडीत एकीने पहिल्या सत्रात शनिवार-रविवारच्या ड्युट्या धरून पाहिल्या आणि सहाव्या आठवड्यात सोडल्या. ती आळशी नव्हती, मी पाहिलेल्या सर्वांत मेहनती नर्सपैकी ती एक. दिवसाचे तासच पुरत नाहीत.

पहिल्या वर्षी पुस्तकं जास्त. शरीरक्रिया आणि औषधशास्त्र येणार हे माहीत होतं, पण भौतिकशास्त्राची तयारी माझ्याकडे नव्हती. वायूंचे नियम, भुलीच्या औषधाची वाफ करणारा व्हेपोरायझर कसा चालतो, नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह किती घटतो, हे बारावीनंतर मी उघडूनही पाहिलं नव्हतं. तुमच्याकडे वेळ आहे, आत्तापासून उघडा. पुढे क्लिनिकल सुरू झालं की पहाटे सव्वापाचला ओटीत हजर. भुलीचं मशीन तपासायचं, सक्शन बघायचं, नळ्या मापाने लावायच्या, औषधं भरून लेबलं चिकटवायची. आदल्या रात्री उद्याच्या प्रत्येक पेशंटचा आराखडा लिहून प्रीसेप्टरला (ओटीत शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीला) फोन करायचा. घरी साडेपाचला, मग पुन्हा तेच.

पण सगळ्यात जड गेलं ते याहून वेगळं होतं, आणि त्यावर कोणी बोलत नाही. आयसीयूत मी सीनिअर होते, नव्या मुली मला विचारून काम करायच्या. ओटीत पहिल्या आठवड्यात मला मास्क धरून पेशंटला श्वाससुद्धा देता येईना. हात लहान, जबडा उचलला की मास्क सुटायचा. प्रोपोफोल हे भुलीचं औषध दिलेला माणूस श्वास घेत नाही, सॅच्युरेशनचा आवाज एकेक सूर खाली येतोय, आणि आपल्या हाताखाली छाती हलत नाही! प्रीसेप्टरने शांतपणे माझी करंगळी जबड्याच्या कोनावर नेऊन ठेवली, आणि छाती वर आली. त्या दिवशी गाडीत बसून रडले. महिन्याभरात हात बसला.

हात बसतो, सवय मात्र लवकर जात नाही. आपल्याकडे नर्सला बिघाड ओळखायला उत्तम शिकवतात, आणि ओळखला की डॉक्टरांना कळवायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी एका तरुण पेशंटची नळी काढल्यावर लगेच त्याचा घसा आवळला. छाती आत खेचली जात होती, पण मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची रेघ सपाट. लॅरिंगोस्पॅझम, म्हणजे स्वरयंत्र आवळून श्वासाची वाट बंद होणं, आहे हे मला क्षणात कळलं. आणि मी मान वळवून पाहिलं, कोणाला सांगायचं ते. प्रीसेप्टर माझ्या शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “कोणाला शोधतेस? तू आहेस ना इथे.” मी जबडा पुढे ओढला, मास्क घट्ट धरून ऑक्सिजनचा दाब दिला, थोडं प्रोपोफोल दिलं. स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनची सिरिंज जवळ होती, ती लागली नाही. रेघ परत उमटली. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. तीन वर्षांत मी काय शिकले असं कोणी विचारलं तर मला ती वळलेली मान आठवते. तुम्ही आज ड्युटीवर असताना, फोन उचलण्याआधी मनात म्हणून बघा: डॉक्टर आले नाहीत तर मी पुढचं काय करीन, आणि का? ही तयारी पुण्यात बसूनही करता येते, आणि ती कुठल्याही नियमात शून्य ठरत नाही.

‘डॉक्टरेट’ म्हटलं की प्रबंध डोळ्यांसमोर येतो. पण डीएनपी (नर्सिंग प्रॅक्टिसची डॉक्टरेट) हा पीएचडीसारखा संशोधनाचा मार्ग नाही. त्यात एक प्रकल्प असतो, प्रत्यक्ष रुग्णालयातली एखादी पद्धत सुधारण्याचा. माझा प्रकल्प शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर होता. अपफेल स्कोअर म्हणून चार साध्या गोष्टी बघतात: पेशंट स्त्री आहे का, धूम्रपान करत नाही का, पूर्वी असा त्रास झालाय किंवा गाडी लागते का, नंतर ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) लागणार का. चारही असतील तर उलट्यांचा धोका सुमारे ८० टक्के. ते आधी मोजून औषधं द्यायची, एवढंच आम्ही एका लहान शस्त्रक्रिया केंद्रात बसवलं. छोटं काम, पण पित्ताशय काढून शुद्धीवर आलेल्या बाईने भांडं न मागता पाणी मागितलं की मला फार बरं वाटतं.

पदवी मिळाली की राष्ट्रीय परीक्षा. तीन तास, १०० ते १७० प्रश्न, तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलतो. ती पास झाल्याशिवाय नावापुढे सीआरएनए, म्हणजे प्रमाणित नर्स ॲनेस्थेटिस्ट, लावता येत नाही.

पैशाचा हिशोब आधी कागदावर मांडा. बऱ्याच ठिकाणी नुसती फी एक लाख डॉलरच्या पुढे जाते, आणि तीन वर्षं पगार नाही. सरकारी शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतं, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर नाही. शिवाय ग्रॅड प्लस हे मोठं कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. आम्ही दोन वर्षं माझा पूर्ण पगार बाजूला टाकला आणि नवऱ्याच्या पगारावर घर चालवलं. नंतरचा पगार चांगला आहे, सरकारी आकड्यांनुसार मधला पगार वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर. पण तो आकडा बघूनच या वाटेला लागलेली मुलं पहिल्या हिवाळ्यात कशी दमतात तेही मी पाहिलंय.

एक गोष्ट तुमच्या घरचे नक्की विचारतील, माझ्या आईनेही विचारली: नर्स भूल कशी देते? अमेरिकेत हे नवं नाही. भूलशास्त्र ही डॉक्टरांची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहण्याआधीपासून इथे नर्सेस भूल देतायत. मिनेसोटात मेयो बंधूंसाठी भूल देणाऱ्या ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये १४,००० हून अधिक भुलींचा अहवाल छापला, त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. आमच्या ओहायोत, क्लीव्हलँडच्या लेकसाइड रुग्णालयात काम करणाऱ्या ॲगाथा हॉजिन्स यांनी १९३१ मध्ये नर्स ॲनेस्थेटिस्टांची राष्ट्रीय संघटना उभी केली. आज काही रुग्णालयांत आम्ही भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या टीममध्ये असतो, आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत भूल देणारी व्यक्ती म्हणजे फक्त सीआरएनए. मी टीममध्ये काम करते आणि मला ते आवडतं. अवघड पेशंटच्या वेळी दुसरं डोकं शेजारी असणं ही मोठी गोष्ट आहे.

भारतात मात्र भूल हे डॉक्टरचं काम आहे. ही पदवी घेऊन परत आलात तर ओटीत हे काम करता येणार नाही. आईवडिलांसाठी पाचेक वर्षांत परतायचं मनात असेल, तर हा रस्ता धरण्याआधी त्याचा गंभीरपणे विचार करा. पुण्यातच पुढे जायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करा.

वयाची चिंता सोडा. मी सुरू केलं तेव्हा ३४ वर्षांची होते आणि मुलगी पाच वर्षांची. तिच्या शाळेचे दोन कार्यक्रम हुकले, ते अजून मनात आहेत. सासूबाई दोनदा सहा-सहा महिने येऊन राहिल्या म्हणून घर चाललं. तुमच्याकडे अशी हक्काची माणसं कोण आहेत हेही अर्जाआधी ठरवा.

तुमचं नर्सिंग लायसन्स कोणत्या राज्याच्या बोर्डाकडून आहे आणि कोणत्या व्हिसाचं बोलणं चाललंय, ते खाली लिहा. त्यावर पहिली नोकरी कुठे आणि कोणत्या विभागात शोधावी ते सांगते.