टोकियोच्या बाहेर मित्राकडे उतरणार आहोत, सोबत दोन लहान मुलं, जपानी येत नाही आणि बायको पोर्क खात नाही. तिथल्या उपनगरातल्या रामेनच्या, म्हणजे सूपमधल्या नूडल्सच्या, दुकानात जेवायला जमेल का?

जमेल की. उलट शिंजुकू-शिबुयाच्या नावाजलेल्या दुकानांपेक्षा तिकडेच जास्त बरं जमेल, कारण शहरातलं दुकान म्हणजे एक काउंटर, आठ-दहा स्टुलं, बाहेर रांग आणि मागे उभा माणूस तुमच्या बाऊलकडे बघत असतो, तिथे मुलांना घेऊन जाऊच नका. मी टोकियोच्या पश्चिमेला राहतो, इकडे हमरस्त्यावरच्या दुकानांना स्वतःचं पार्किंग असतं, चौघांची टेबलं असतात, काही ठिकाणी बूट काढून बसायची तातामीची (गवती चटईची) बैठकही असते आणि मुलांसाठी छोटा रामेन मेनूवरच असतो.

भाषेचं टेन्शन घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी दारातच तिकिटाचं मशीन असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, कूपन पडतं ते आत द्यायचं, झाली ऑर्डर. काहीच वाचता येत नसेल तर सगळ्यात वरच्या रांगेतलं डावीकडचं बटण, बहुतेक ठिकाणी दुकानाचा मुख्य रामेन तिथेच असतो. मात्र जवळ 1000 येनच्या नोटा ठेवाच, 10000 ची नोट कित्येक मशीन घेत नाहीत, आणि जुलै 2024 मध्ये नवीन नोटा आल्या तेव्हा जुन्या मशीनवाल्यांची पंचाईत झाली होती, अजूनही एखादं तसं मशीन भेटतं. एका बाऊलचे साधारण 800 ते 1000 येन धरा, वर अंडं आणि जास्तीचं मांस घेतलं की हजाराच्या पुढे. हजाराच्या वर गिऱ्हाईक येणार नाही ही इथल्या दुकानदारांची जुनी धास्ती आहे, पण आता बरेच जण ती ओलांडून गेलेत.

कूपन दिल्यावर कधीकधी ते काहीतरी विचारतात आणि नवीन माणूस तिथेच गडबडतो. योकोहामाकडची इएकेइ नावाची पद्धत आहे, 1974 मध्ये योशिमुराया या दुकानातून सुरू झाली, पोर्कची हाडं आणि सोय सॉसचं दाट सूप, जाड नूडल्स, वर पालक आणि नोरीचे (सुक्या समुद्री शेवाळाचे) कागद, तर अशा दुकानात नूडल्स किती कडक, चव किती खारट आणि तेल किती असं तीनदा विचारतात. तिन्ही वेळा 'फुत्सू' म्हणा, म्हणजे नेहमीसारखं. आणि बाऊलवर मोड आलेल्या कडधान्याचा आणि कोबीचा डोंगर रचलेला फोटो बाहेर दिसला तर ते जिरो पद्धतीचं दुकान, तिथे लसूण घालू का एवढंच विचारतात पण सगळ्यात लहान बाऊलसुद्धा प्रचंड असतो, मुलांबरोबर ते नको.

मित्र हाचिओजीच्या बाजूला राहत असेल तर नशीब काढलंत. तिथला रामेन सोय सॉसचा, वर पातळ लार्डचा (डुकराच्या चरबीचा) थर आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा, त्या थरामुळे सूप लवकर गार होत नाही आणि कांदा गोडसर लागतो, माझ्या मते टोकियोच्या आसपासचा हा सगळ्यात शहाणा बाऊल आहे. मुसाशिनोकडे असाल तर आबुरा सोबा खा, त्यात सूपच नसतं, तळाशी सॉस आणि तेल असतं, ते खालून वर नीट कालवायचं आणि व्हिनेगर नि लाल मिरचीचं तेल आपल्या हाताने घालायचं.

आता पोर्कचं. इथे स्पष्टच सांगतो, वरचे चाशूचे (शिजवलेल्या पोर्कचे) काप बाजूला काढले म्हणजे झालं असं अजिबात नाही. सूप हाडांचं, लार्ड वेगळं, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) किंवा शिओ (मिठाचं) लिहिलं असलं तरी खाली पोर्क, कोंबडी नाहीतर सुके मासे असतातच, ग्योझातही (सारण भरलेले मोमोसारखे) बहुतेक पोर्कच असतं. कोंबडीच्या सूपची दुकानं आहेत पण तिथेही वर चाशू पोर्कचा निघू शकतो, म्हणून मित्राला आधी फोन करून विचारायला लावा. पक्कं काही हवं असेल तर टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान आहे, तिथे सगळं वीगन मिळतं, बायकोला एक दिवस तिकडे न्या आणि उपनगरातल्या दुकानात ती येणार असेल तर तिच्यासाठी काय मिळेल हे निघायच्या आधीच ठरवा.

बाऊल आला की फोटो एकच काढा. नूडल्स गरम सूपमध्ये फुगत जातात, गप्पा मारत खायचं हे जेवण नाही, सुर्र आवाज करून ओढलेल्या चालतात आणि तोंडही कमी भाजतं. सूप उरलं तरी कोणी काही म्हणत नाही. मोठ्या माणसाला प्रत्येकी एक बाऊल घ्यावाच लागतो असं बऱ्याच दुकानांचं म्हणणं असतं, लहान मुलांना मात्र सूट मिळते आणि 'तोरिझारा' म्हटलं की छोटी वाटी देतात. पाणी आपलं आपण घ्यायचं. काउंटरवर बसला असाल तर उठताना बाऊल वरच्या फळीवर ठेवा, टिप ठेवू नका.

रविवारी दुपारी बारा-साडेबाराला जाऊ नका, अकराला उघडताच जा. गर्दीत दारापाशी एक कागद असतो, त्यावर नाव आणि माणसं किती ते लिहायचं, नाव मित्राचंच लिहा, आपली आडनावं त्यांना पुकारता येत नाहीत. दुपारनंतर बरीच दुकानं पाचपर्यंत बंद असतात आणि सूप संपलं तर त्याआधीच पाटी उलटतात.

अजून एक, गाडीने जाणार असाल तर चालवणाऱ्याने बिअरला हात लावायचा नाही, ग्योझा समोर आले की मोह होतो. 2007 पासून प्यायलेल्या ड्रायव्हरसोबत जाणूनबुजून बसणाऱ्यालाही शिक्षा आहे आणि त्याला दारू देणाऱ्यालाही, त्यामुळे बिअर मागितली की दुकानदार आधी गाडी कोण चालवणार ते विचारू शकतो, खरं तेच सांगा.