ब्रेक मारला की सप्लाय बंद पडतो

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं टेस्टिंगचं काम आहे. २४ व्होल्ट, १० अँपिअरच्या सप्लायवर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) लावून डीसी मोटर १५०० आरपीएमला फिरवतो, शाफ्टवर २ किलोची, २० सेंटिमीटर व्यासाची चकती. फिरताना काही त्रास नाही, पण ब्रेक मारला की ओव्हीपीचा (व्होल्टेज फार चढलं की सप्लाय बंद करणाऱ्या संरक्षणाचा) दिवा लागतो आणि सगळं बंद. सप्लाय बदलून पाहिला, तेच. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सप्लाय ठणठणीत आहे हो, उगाच दुसऱ्या सप्लायचे पैसे घातलेत. ब्रेक मारला की मोटर जनरेटर होते आणि तिची वीज ड्राइव्हमधून उलटी येते. साधा बेंच सप्लाय फक्त द्यायला शिकलाय, परत घ्यायचं त्याला ठाऊकच नाही, मग ती साठते आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये. आता हिशेब बघा, तुमच्या चकतीत त्या स्पीडला साधारण १२० ज्यूल असतात, आणि २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २४ वरून ३० व्होल्टला न्यायला अर्धा ज्यूलसुद्धा लागत नाही! ओव्हीपी उडणारच.

प्लसच्या वायरमध्ये सिरीजला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाका असं सगळे सांगतात, आणि टाकाच. शॉटकी घ्या, म्हणजे कमी व्होल्ट पाडणारा डायोड, १० अँपिअरला अर्धा व्होल्ट पडला तरी ५ वॉट उष्णता, तेव्हा हीटसिंक लावा, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तर जरा मोठाच. पण लोक इथंच थांबतात. मीही थांबलो होतो एकदा, सप्लाय वाचला आणि ड्राइव्हचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) गेले, दोन दिवस खोलीत तो जळका वास. कारण उलटी वीज डायोडने अडवली की सगळी ड्राइव्हच्या कपॅसिटरवर चढते, आणि पलीकडे बसलेल्या ओव्हीपीला त्याचा पत्ताच नसतो.

म्हणून डायोडच्या पुढे, ड्राइव्हच्या बाजूला, २८ व्होल्टला चालू होणारा ब्रेक चॉपर (जादा वीज रेझिस्टरकडे वळवणारा स्विच) आणि ४.७ ओहम, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा (ड्राइव्हची कमाल मर्यादा २८ च्या बरीच वर आहे ना, ते आधी बघा). त्या क्षणी दीडशेच्या वर वॉट जातात खरे पण सेकंदभरसुद्धा नाही, दर १० सेकंदांनी ब्रेक मारलात तरी सरासरी १२ वॉटच. रिमोट सेन्सच्या (लोडजवळचं व्होल्टेज सप्लायला कळवणाऱ्या) वायरी असतील तर डायोडच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूलाच ठेवा.

आणि याच सप्लायवर कधी बॅटरी चार्ज करायची झाली तर सांभाळून. काही सप्लायमध्ये ओव्हीपी उडाला की आतला एससीआर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) आउटपुटच शॉर्ट करतो, मग बॅटरीचा सगळा करंट त्यातूनच धावतो. तिथे डायोड हवाच, शिवाय बॅटरीच्या टर्मिनलला चिकटून फ्यूज. व्होल्टेज सेट करताना मीटर बॅटरीवर लावा, सप्लायचा डिस्प्ले डायोडच्या अलीकडचं सांगतो.