अकूस्टिक गिटारला पिकअप आणि प्रीअँप बसवताना काय काळजी घ्यावी? त्यासाठी गिटारची बाजू कापावी का?

आपण सॅडलखालचा (तारा ज्या उभ्या तुकड्यावर टेकतात त्याच्याखालचा) पिएझो पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनांपासून विजेचा संकेत बनवणारी पातळ पट्टी, निवडला आहे आणि प्रीअँपसाठी (तो संकेत पुढे पाठवण्याजोगा करणाऱ्या सर्किटसाठी) गिटारच्या बाजूला चौकोनी भोक पाडावे का, असे विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की पाडू नये. कापलेली बाजू पूर्ववत करता येत नाही, आणि आवाज व टोन कमीजास्त करण्याची सोय साउंडहोलच्या (गिटारच्या पुढील गोल भोकाच्या) काठाला आतून बसवता येणाऱ्या लहान प्रीअँपमध्येही मिळते.

मात्र प्रीअँप कितीही चांगला घेतला, तरी आवाजाचा दर्जा मुख्यतः सॅडलच्या बैठकीवर ठरतो. पिएझो पट्टी तिच्यावरील दाबात होणाऱ्या सूक्ष्म बदलांचे विजेच्या संकेतात रूपांतर करते. त्यामुळे सहाही तारांचा दाब तिच्यापर्यंत सारखा पोहोचला नाही, तर एखादी तार दबलेली आणि शेजारची नको इतकी मोठी ऐकू येते. म्हणून ब्रिजमधील (सॅडल बसते त्या लाकडी ठोकळ्यातील) खाचेचा तळ आणि सॅडलची खालची कड या दोन्ही पूर्ण सपाट हव्यात. सपाट काचेवर सँडपेपर ठेवून, सॅडल उभे आणि काटकोनात धरून ते खालून घासावे, आणि पट्टीच्या जाडीइतकी उंची तेवढ्यातच कमी करावी, म्हणजे तारांची अ‍ॅक्शन (फिंगरबोर्डपासूनची उंची) पूर्वीइतकीच राहील. सॅडल खाचेत बोटांनी सरकावे, पण पुढे कलू नये. ते घट्ट अडकले, तर तारांचा दाब खाचेच्या भिंतींवरच अडतो आणि पट्टीपर्यंत नीट पोहोचत नाही. या टप्प्यावर घाई करू नये, कारण तारा चढवल्यावर ऐकू येणारा असमतोल इक्वलायझरने (टोन कमीजास्त करण्याच्या सोयीने) दुरुस्त होत नाही.

पिकअपच्या वायरसाठी खाचेच्या एका टोकाला छिद्र पाडण्याआधी साउंडहोलमधून लहान आरसा व दिवा घालून आतल्या ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) कुठे आहेत ते पाहावे. पट्टी त्या छिद्रात काटकोनात दुमडू नये, यासाठी छिद्र किंचित तिरपे घ्यावे. एंडपिनच्या (गिटारच्या तळाशी पट्टा अडकवण्याच्या खुंटीच्या) जागी बसणाऱ्या जॅकला (केबल खोचण्याच्या सॉकेटला) साधारण 12 मिलिमीटरचे भोक लागते. ते थेट ड्रिलने पाडल्यास लाकूड फाटू शकते. निमुळत्या रीमरने हळूहळू मोठे करणे अधिक सुरक्षित आहे. एवढी हत्यारे नसतील, तर हे काम अनुभवी कारागिराकडे द्यावे.

प्रीअँप केवळ आवाज वाढवण्यासाठी नसतो. पिएझोचा प्रतिरोध फार उच्च असतो, आणि त्याला किमान 1 मेगाओहम प्रतिरोधाचा इनपुट लागतो. मिक्सरच्या साधारण 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला तो थेट जोडला, तर खालचे स्वर गळतात आणि आवाज पातळ व कर्कश होतो. प्रीअँप गिटारच्या आतच, पिकअपजवळ ठेवण्याचे कारण हेच आहे.

देखभालीत पहिली गोष्ट बॅटरीची. बहुतेक प्रीअँप 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि केबल जॅकमध्ये खोचताच चालू होतात. म्हणून वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी. गिटार काही आठवडे वापरात नसेल, तर बॅटरीही काढावी, कारण तिच्यातून द्रव झिरपला तर आतील सर्किट खराब होते. आवाज फाटू लागला, तर इतर काही तपासण्यापूर्वी बॅटरी बदलून पाहावी. ती आत पिशवीत किंवा क्लिपमध्ये पक्की बसवलेली असावी, एवढेही पाहावे.

जॅकची नट सैल होणे हा नेहमीचा दोष आहे. ती केवळ बाहेरून पिळली, तर आतला जॅक फिरतो आणि जोडणी तुटते. काही जॅकच्या बाहेरच्या टोकाला बारीक छिद्र असते; त्यात खिळा अडकवून जॅक स्थिर धरावा आणि मगच नट आवळावी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, जॅकच्या संपर्कांवर गंज धरून खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा फवारून प्लग काही वेळा आत-बाहेर केल्यास ती बहुधा जाते.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत, एकेक बदलावी. सॅडल उचलले गेले, तर पट्टी जागेवरून सरकू शकते. एखाद्या तारेचा आवाज अचानक कमी झाला, तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.