रोमचे अवशेष मित्रांसोबत पाहताना

कलोसियमचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि आत जायची वेळ असते, म्हणून पासपोर्ट सगळ्यांनी जवळ ठेवायचे. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि त्याच्या शेजारची पॅलाटाइन टेकडीही येते. बरेच जण कलोसियम पाहून दमतात आणि फोरम उरकून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं. खरं रोम तिथेच आहे!

सकाळी आधी पॅलाटाइनवर चढा. वरून अख्खा फोरम दिसतो, मग खाली उतरल्यावर दगडांची संगती लागते. फोरममधल्या, सम्राट अँटोनायनस आणि त्याची बायको फॉस्टिना यांच्या देवळापाशी नक्की थांबा. पुढे इ.स. 141 च्या सुमाराचे खांब, मागे चर्च. त्या चर्चचं दार पायऱ्यांच्या बरंच वर, अधांतरी दिसेल. कारण शतकानुशतकं माती साचून जमीन तिथवर चढली होती. उत्खननात ती काढली आणि दार वरच राहिलं. हे एक दार नीट पाहिलंत की बाकीचे अवशेषही वाचता येतात.

चपला नकोत, जुनी फरसबंदी खडबडीत आहे. पाण्याची बाटली न्या, नळ आहेत. चौघांचा वेग सारखा नसतो, तेव्हा फोरमजवळच्या टायटसच्या कमानीपाशी भेटायची वेळ ठरवा आणि ज्याला जिथे रमायचं तिथे रमू द्या.